थंड धुळीतला उंचवटा

माझं काम धूळ बनवायचं. जग धूळ झटकतं, मी पंचवीस वर्षं ती पगार घेऊन बनवतेय. माझी आई बंदराच्या वाटेवरच्या जासई गावात असते. तिला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगो, धूल बनवाला पगार देतान तुला? जासईन ये, इथं कन्टेनरवालं फुकट उडवतान." तिच्या ओटीवर रोज संध्याकाळी ट्रकांच्या धुळीचा थर बसतो, तो तिला दोनदा झाडावा लागतो. माझी धूळ वेगळी, एवढं म्हणून मी विषय संपवला.

वेगळी म्हणजे कशी ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी दिसते, पण तिथे धूळ असते. वाळूच्या किंवा काचेच्या जातीची, पिठाहून कितीतरी बारीक आणि भयंकर गार, शून्याच्या खाली दोनशे साठ अंशांच्या आसपास. एवढी गार असूनही ती किरणं सोडते, डोळ्याला न दिसणारी. दुर्बिणी ती किरणं मोजतात आणि त्यावरून शास्त्रज्ञ सांगतात की अमुक ढगात इतकी धूळ आहे. पण हे सांगायचं तर चिमूटभर धूळ त्या थंडीत नेमकी किती किरणं सोडते ते आधी ठाऊक पाहिजे. आकाशात जाऊन ते मोजता येत नाही. म्हणून आम्ही तशी धूळ इथे नवी मुंबईत, एसी लावलेल्या खोलीत बनवतो आणि इथेच गार करतो.

ही किरणं इतकी थोडी असतात की थेट मोजण्याऐवजी आम्ही उलटीकडून जातो. धुळीवर किरणं टाकतो आणि ती किती गिळते ते बघतो. जी वस्तू जितकं गिळते तितकंच सोडते, असा नियम आहे. माणसांना तो लागू नाही, हे मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते. ते हसतात, कारण मला घाबरतात.

माझा वाटा वडी पाडण्याचा. आधी भट्टीतून काढलेला काचेचा खडा दगडी खलात घोटायचा, तास-तासभर, कण बोटाला लागेनासा होईपर्यंत. मग त्यातलं चिमूटभर पॉलिथिनच्या पांढऱ्या भुकटीत मिसळायचं आणि पोलादी साच्यात घालून प्रेसखाली दाबायचं. कापराच्या वडीसारखी पातळ चकती निघते. पॉलिथिन घ्यायचं कारण ते या किरणांच्या वाटेत फारसं येत नाही. ती चकती क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे आमच्या गार करायच्या पिंपात बसवायची, हवा काढून टाकायची आणि कॉम्प्रेसर सुरू करायचा. तो दिवसभर ठाक-ठाक करत राहतो. चार-पाच तासांनी पाहिजे ती थंडी येते.

साचे दोन होते. एक या पॉलिथिनच्या वड्यांसाठी. दुसरा एमएस्सीच्या मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी, त्यात पॉलिथिनच्या जागी पोटॅशियम ब्रोमाइड वापरतात. ते दिसायला आपल्या मिठासारखंच आणि वागायलाही तसंच. हवेतलं पाणी ओढतं आणि चिकटून बसतं. आम्ही त्याला मीठच म्हणतो. आमच्या कामात हे मीठ म्हणजे विष, कारण आम्ही जिथे बघतो नेमकं तिथेच ते किरणं गिळतं. दोन्ही साचे महापेच्या एका वर्कशॉपमध्ये एकाच सळईतून एकाच दिवशी कातून आणलेले, जुळ्या भावांसारखे. वर्कशॉपवाला नंबर ठोकायचा विसरला होता. परत कोण जातंय महापेला! मी पॉलिथिनच्या साच्याच्या बुडाला माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि काम भागवलं. वर्षानुवर्षं भागलं.

आता जिच्यासाठी मी वड्या पाडायचे ती मुलगी. लातूरकडची, पीएचडीचं पाचवं वर्ष, बारीक अंगाची आणि कामाला वाघ. मला ताई म्हणायची. मी तिला दिवसातून चारदा ओरडायचे, हातमोजे घातले नाहीत म्हणून, खलाशेजारी मोबाईल ठेवला म्हणून. ती "करायलेय ताई, करायलेय" म्हणत ऐकायची आणि पुन्हा मोबाईल तिथेच. तिची मुदत वर्षअखेर संपत होती आणि चार वर्षांच्या मोजणीतून हातात आली होती एक सरळ उतरती रेघ. धूळ गार केली की ती लांब लहरींची किरणं कमी गिळते, एवढंच. खरं होतं, पण ते बाहेरच्या लोकांनी आधी सांगून ठेवलेलं. तिला त्याहून जास्त काहीतरी हवं होतं. हे ती बोलायची नाही, पण दिसायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. प्रयोगशाळेत कसली हत्यारं असं कुणी विचारू नये. खल, साचे, प्रेस, पाने, स्क्रू-ड्रायव्हर, सगळी हत्यारंच. सर, म्हणजे आमचे प्रोफेसर, देव मानत नाहीत, पण पेढ्याला येतात. पूजेचं सगळं माझ्याकडे. मला खरं सांगायचं तर पूजेपेक्षा साफसफाईत रस. त्या निमित्ताने कुणी हूं की चूं करत नाही, सगळं निमूट हातात देतं. त्या वर्षी मी सकाळी आठला येऊन एकूण एक वस्तू ॲसिटोनने पुसली. पाटावर पांढरा कागद अंथरला, सगळं ओळीने मांडलं, आणि हळदकुंकू वस्तूंना न लावता प्रत्येकीपुढे कागदावर लावलं. यंत्राच्या पोटात हळद गेली तर काय होतं ते मला ठाऊक आहे. मी नाकाने कांदे सोलणारी बाई.

दसरा झाल्यावर मी वस्तू जागच्या जागी ठेवल्या. साचे ठेवताना बुडाकडे बघितलं का? आठवत नाही. बघितलं असतं तर कळलं असतं की ठिपका नाही. नेलपॉलिश ॲसिटोननेच निघतं, हे शाळेतल्या पोरीलाही ठाऊक असतं, मला नव्हतं का? पण ते घरी, कापसावर. इथे माझ्या डोक्यात फक्त स्वच्छता होती. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, असं ठेवून मी मोकळी झाले.

त्या आठवड्यात तिच्या शेवटच्या वड्या पाडल्या. तीन वड्या, एकाच दिवशी. पहिली गार करून मोजली आणि दुपारी तिने मला हाक मारली. पडद्यावरच्या उतरत्या रेघेवर एक उंचवटा आला होता. खोलीच्या तापमानाला अगदी पुसट, आणि जसजसं गार करत जावं तसतसा टोकदार. "ताई, हे काय आहे?" मी म्हटलं, मला काय विचारतेस, सरांना बोलव. सर आले, चष्मा वर केला, खाली केला. नुसत्या पॉलिथिनच्या वडीची मोजणी तुलनेसाठी होतीच, तीत उंचवटा नव्हता. पण ती वडी दसऱ्याआधीची होती, त्याकडे तिघांपैकी एकाचंही लक्ष गेलं नाही.

सरांनी मला विचारलं, आणि हसत विचारलं, "परवाची हळद तर नाही ना?"

माझं डोकं सणकन फिरलं. मी म्हटलं, "सर, पंचवीस वर्षांत माझ्या हातून एक वडी खराब गेलीय का? गेली असेल तर सांगा, आत्ता राजीनामा देते." मग मी तावातावाने हळद पॉलिथिनमध्ये मिसळून वडी पाडली, गार न करताच मोजून दाखवली, हळदीच्या रेघेचा आकार निराळाच आला, आणि मी सगळ्यांकडे असं बघितलं की पुन्हा कुणी साफसफाईचं नाव काढलं नाही. सर बिचारे "बरं, बरं" म्हणत गेले. आज लिहिताना वाटतं, माझ्या त्या तोंडाने जेवढं नुकसान केलं तेवढं साच्याने केलं नाही.

दुसऱ्या दोन वड्यांतही उंचवटा आला. तिसऱ्या वडीत जरा लहान होता, पण तिच्यात धूळही कमी पडली होती, तेव्हा ते जमून गेलं. तीनदा मोजलं, तीनदा आलं, आणखी काय पाहिजे? सरांनी लेख लिहायला घेतला. अति गार धुळीचा आजवर न दिसलेला गुण, असं काहीतरी. लेखात चौथं नाव माझं होतं. माझं नाव तोवर लेखाच्या शेवटी आभारात यायचं, कधी तेही राहायचं. मी तो कागद घरी नेऊन नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "स्पेलिंग बरोबर आहे." पण दोन दिवस सोसायटीत सांगत फिरत होता, हे मला वॉचमनकडून कळलं.

आणि मुलीचं तर नशीबच उघडलं. परदेशातल्या एका मोठ्या गटाने, जो हेच काम करतो, त्या लेखाबद्दल ऐकून तिला लिहिलं की प्रबंध देऊन आमच्याकडे ये, दोन वर्षांची जागा आहे. तिने वडिलांना माझ्यासमोर फोन केला. "पप्पा, बोलावलंय त्यांनी. मला बोलावलंय!" एवढंच दोनदा म्हणाली आणि रडायला लागली. मी म्हटलं, रडायचं असेल तर तिकडे जा, वजनकाट्यापाशी नको. पण मलाही भरून आलं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला एमएस्सीची प्रॅक्टिकल्स आली. मी मिठाचा साचा काढून धुवायला घेतला. नखाने कड खरवडली तर नखाला मेणासारखं काहीतरी लागलं. मीठ खरखरीत लागतं. हे मऊ होतं, ओढलं की तार निघत होती. पॉलिथिन. मिठाच्या साच्यात पॉलिथिन कुठून आलं? मी साचा उलटा केला. मग दुसरा उलटा केला. दोन्ही बुडं कोरी होती. म्हणजे पूजेनंतर मी साचे उलटसुलट ठेवले होते.

मुलगी त्या दिवशी पासपोर्टच्या कामाला गेली होती, सर मीटिंगला. मी मुलांना एक तास थांबा म्हणून सांगितलं आणि लेखातल्या वड्या ज्यातून निघाल्या त्या साच्यात नुसतं पॉलिथिन दाबलं. धूळ नाही, काही नाही. वडी पिंपात चढवली, कॉम्प्रेसर सुरू केला. मुलांचं प्रॅक्टिकल साच्याशिवायच भागवलं. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. चारच्या सुमाराला थंडी आली. मी मोजणी लावली आणि पडद्यापुढे स्टुलावर बसले.

उंचवटा होता. लहान, पण जागा तीच. ताऱ्यांची धूळ नव्हती तरी होता. मिठाचा होता. ॲसिटोनने मीठ विरघळत नाही, त्याला पाणी लागतं. म्हणून मी कितीही पुसलं तरी ते साच्याच्या कडेला बसूनच राहिलं आणि वडीवडीने थोडंथोडं निघत गेलं. तिसरा उंचवटा लहान का होता, ते आता कळलं.

मी वडी काढून हातात घेतली. केराची बादली दोन पावलांवर होती. खोटं का बोलू, विचार आला. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन्ही साचे गरम पाण्यात उकळून काढले की पुरावा संपला. ती पोरगी जाईल, सर खूश, माझं नाव चौथं. मला निवृत्तीला तीन वर्षं होती. कुणी तरी कधी तरी दुसऱ्या देशात मोजून बघेल, त्यांना उंचवटा दिसणार नाही, दहा लेख लिहून भांडत बसतील, बसू देत. आकाशातली धूळ काही तक्रार करायला येणार नाही. पाच वाजले. मी वडी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि खारघरला घरी गेले. फेकली नाही, पण कुणाला फोनही केला नाही. नवऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली तेव्हा मी तिला दारातच गाठलं. सरांच्या आधी तिला सांगायचं, एवढं ठरवलं होतं. सांगताना माझा आवाज नेहमीसारखा चढा निघाला, जसं काही तिचंच चुकलं होतं. दसरा, ॲसिटोन, ठिपका, साचे, सगळं एका दमात. वडी तिच्या हातात दिली.

तिने ती उलटीसुलटी करून बघितली. "किती वेळा केलंत?"

"एकदा."

"मग परत करू," ती म्हणाली. तिला अजून आशा होती, मला दिसत होतं. आम्ही परत केलं. मग साचा गरम पाण्याने धुतला आणि पुन्हा नुसत्या पॉलिथिनची वडी पाडली. रेघ सपाट आली, टेबलावरच्या काचेसारखी. मग त्याच धुतलेल्या साच्यात तिची धूळ घालून पाडली. जुनीच सरळ उतरती रेघ. यात दोन दिवस गेले. या दोन दिवसांत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. सरांना बोलावलं तेव्हा त्यांनी कपाटातलं एक जुनं पुस्तक काढून मिठाच्या आलेखावर बोट ठेवलं. "इथेच आहे की. मी हे शिकवतो." ज्या वडीत काही खोट नाही असं मी ठणकावून सांगितलं होतं, तिच्यात त्यांनी मीठ शोधायचं तरी कशाला?

संध्याकाळी मुलीने मला विचारलं, "तुम्हाला परवा दुपारीच कळलं होतं ना?"

"चार वाजता."

"मी साडेसहाला त्यांना होकार पाठवला. सोबत तो आलेखही पाठवला, नीट रंगवून." ती बॅगेची चेन लावत होती, लागत नव्हती. "तुम्ही फोन केला असता तर मला फक्त नाही म्हणावं लागलं असतं. आता मला, मी पाठवलं ते खोटं होतं, असं लिहावं लागायलंय."

मी म्हटलं, "माझं चुकलं." हे मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेन, एका हाताची बोटं पुरतील. ती म्हणाली, "हो ताई." आणि गेली. तिने ओरडायला हवं होतं. मी असते तर छप्पर डोक्यावर घेतलं असतं.

तिकडच्या लोकांनी सभ्यपणे उत्तर दिलं. कळवल्याबद्दल आभार, प्रबंध झाला की जरूर लिहा. जागा दुसऱ्याला गेली. लेख सरांनी मागे घेतला. तिला मुदत वाढवून मिळाली आणि सगळ्या वड्या नव्याने पाडायच्या ठरल्या, पहिलीपासून. मी महापेला जाऊन साच्यांवर नंबर ठोकून आणले.

जानेवारीत काम सुरू झालं. पहिल्या दिवशी मी लवकर आले. साचा गरम पाण्याने धुतला, मग ॲसिटोनने, वाळवला, भिंगाखाली कडा बघितल्या. ती आली, हातमोजे घातले, मोबाईल बाहेर ठेवून आली. मी साचा तिच्या हातात दिला. "थँक्यू ताई," ती म्हणाली. मग तो घेऊन बेसिनपाशी गेली, गरम पाण्याचा नळ सोडला आणि मी धुतलेला साचा माझ्यासमोर पुन्हा धुवायला लागली. रागाने नाही, शांतपणे, आतून, कडांनी, बुडाला. बरोबरच करत होती. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. तरी मला इतका अपमान वाटला की कानशिलं तापली, आणि इतकी लाज वाटली की तोंड उघडवेना.

मी साचा पुसायला टिश्यूचा उघडा डबा पुढे केला. तिने नको म्हणून मान हलवली आणि कपाटातलं नवीन पाकीट फोडलं.